सायकलची साखळी कधी बदलावी?

सायकलची साखळी 'ताणली' जाते, असे दुरुस्ती करणारेही म्हणतात. प्रत्यक्षात कड्यांमधील पिना आणि त्यांची छिद्रे घासून झिजतात व त्यामुळे साखळी लांबते. ही झीज नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मोजपट्टीने मात्र सहज मोजता येते.

नव्या साखळीत लगतच्या दोन पिनांमध्ये अर्धा इंच अंतर असते. पट्टीचे शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवल्यास पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर यावी. ती एक सोळांश इंच, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर पुढे गेली असल्यास साखळी बदलावी. बिनगिअरच्या साध्या सायकलीला थोडी सवलत देता येते. हा फरक एक अष्टमांश इंच झाला, तर मागील फ्रीव्हीलचे वा कॅसेटचे दातेही बहुधा झिजलेले असतात. अशा दात्यांवर नवी साखळी चढविल्यास जोर पडताच ती घसरते. उड्डाणपुलाच्या चढावर उभे राहून पॅडल मारणारा सायकलस्वार त्यामुळे भर रहदारीत कोसळू शकतो. तेल घातले की झाले, हा समज येथे महागात पडतो.

मोजताना साखळी पुसलेली व ताठ असावी. पावसाळ्यात तेलात मिसळलेली माती पिनांवर पॉलिश पेपरसारखी घासते. त्या काळात मोजणी अधिक वेळा करावी.