बेघरांच्या व्यसनमुक्तीचा खर्च कोणी उचलायचा?

बेंगळुरूच्या इंदिरानगरातील शंभर फुटी रस्ता तेथील पब आणि उपाहारगृहांमुळे सर्वपरिचित आहे. मद्यविक्रीवरील उत्पादन शुल्क हा कर्नाटकाच्या महसुलाचा मोठा आधार असून २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्याचे उद्दिष्ट ४० हजार कोटी रुपये ठेवण्यात आले होते. मात्र, व्यसनाच्या आहारी गेलेल्या आणि पदपथावर रात्र काढणाऱ्या माणसाच्या उपचारांचा खर्च कोणी करायचा, या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळत नाही.

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. मद्य आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश या कायद्याने 'मानसिक आजार' या संज्ञेत केला आहे. कलम १८ नुसार निराधार अथवा बेघर रुग्णाला सरकारी किंवा सरकारी निधीवर चालणाऱ्या मानसिक आरोग्य संस्थेत विनामूल्य उपचार मिळण्याचा हक्क आहे. बेंगळुरूमध्ये होसूर रस्त्यावरील 'निमहान्स' या केंद्रीय संस्थेत व्यसनोपचारांचा स्वतंत्र विभागही आहे. म्हणजेच हक्क आहे आणि उपचार करणारी संस्थाही आहे. अडचण त्यापुढे सुरू होते.

उपचार कोठे तुटतो?

दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्याने ते एकाएकी थांबविल्यास फेफरे येणे, भ्रम होणे असे जिवावर बेतणारे त्रास उद्भवू शकतात. त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस वैद्यकीय देखरेख आवश्यक ठरते. परंतु हा केवळ पहिला टप्पा होय. त्यानंतर कित्येक महिने औषधे, समुपदेशन आणि पाठपुरावा चालू ठेवावा लागतो. पुण्यात १९८६ साली स्थापन झालेल्या 'मुक्तांगण'सारख्या केंद्रांत कुटुंबीयांचा सहभाग हा उपचारांचाच भाग मानला जातो. बेघर रुग्णाला मात्र बहुधा घरही नसते आणि सोबतीला कुटुंबही नसते. रुग्णालयातून तो पुन्हा त्याच पदपथावर परततो.

निधीच्या वेगवेगळ्या वाटा

रुग्णालये आरोग्य विभागाच्या निधीवर चालतात. व्यसनमुक्ती केंद्रांना केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालय २०१८ मध्ये आखलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यानुसार अनुदान देते. शहरी बेघरांच्या निवाऱ्यांसाठी २०१३ पासून सप्टेंबर २०२४ पर्यंत राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून केंद्र व राज्याचा निधी मिळत असे आणि दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हे त्याचे प्रमाण होते. हे विभाग वेगळे, त्यांचे निकष वेगळे आणि हिशेबही वेगळे. रुग्णालयातील खाट आणि निवाऱ्यातील जागा यांना जोडणारा दुवा कोणत्याही एका खात्याची जबाबदारी ठरत नाही.

गरज मोजलीच गेली नाही

केंद्र सरकारने 'एम्स'च्या साहाय्याने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार, मद्यावर अवलंबून असलेल्या दर ३८ व्यक्तींपैकी केवळ एकीलाच कोणत्याही प्रकारची मदत मिळाली होती. या सर्वेक्षणाचा मुख्य आधार घरोघरी जाऊन केलेली पाहणी हा होता. ज्यांना घरच नाही, ते अशा पाहणीतून सुटणे स्वाभाविक आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील बेघरांची संख्या १७.७ लाख नोंदविण्यात आली होती.

पर्याय कोणता?

इंग्लंडमध्ये रस्त्यावर झोपणाऱ्यांच्या व्यसनोपचारांसाठी सरकारने २०२० मध्ये स्थानिक प्रशासनांना स्वतंत्र अनुदान देण्यास प्रारंभ केला. अशी तरतूद एकाच शीर्षाखाली झाल्यास शोधकार्य, उपचार आणि पाठपुरावा यांची सांगड घालणे सोपे होते. कर्नाटकात त्यासाठी नवा कायदा करण्याची आवश्यकता नाही. मद्याच्या महसुलातील अल्पसा हिस्सा राखून ठेवणे आणि रुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या बेघर रुग्णाला निवाऱ्यात जागा मिळवून देण्याचे दायित्व एका यंत्रणेवर सोपविणे, एवढी सुरुवातही कलम १८ मधील हक्काला अर्थ देऊ शकेल.