चिकू, नाचणी आणि ‘सेंद्रिय’चा शिक्का

डहाणूजवळच्या मसोलीच्या वाडीत चिकू उतरवला की आधी सालीवरची तपकिरी भुकटी घासून काढतात, मग फळ धुतात. बाजारातला गुळगुळीत चिकू असा तयार होतो. डहाणू-घोलवडच्या या फळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आता खोक्यावर ‘सेंद्रिय’ असा शिक्का दिसला, की गिऱ्हाईक विचारतं : जास्तीचे पैसे मोजले तर पोषणही जास्तीचं मिळेल का? घरखर्चात भाजी-फळांचा वाटा मोजकाच असतो, म्हणून या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला हवं.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 मध्ये 237 अभ्यास एकत्र तपासले. सेंद्रिय अन्नात जीवनसत्त्वं ठळकपणे जास्त असल्याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही; कीटकनाशकांचे अंश मात्र त्यात कमी वेळा आढळले. दोन वर्षांनी इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने 343 अभ्यास तपासले गेले. सेंद्रिय पिकांत पॉलिफेनॉलसारखी द्रव्यं जास्त आणि कॅडमियम कमी, असं त्यात निघालं. आयतं नत्र भरपूर मिळालं की रोप भराभर वाढतं. सेंद्रिय खतातून ते हळूहळू मिळालं की रोप स्वतःच्या बचावाची द्रव्यं जास्त बनवतं, असं याचं एक स्पष्टीकरण आहे. पण त्या द्रव्यांमुळे खाणाऱ्याची तब्येत सुधारते, हे अजून सिद्ध व्हायचं आहे.

म्हणजे केवळ पोषणासाठी शिक्क्याचे पैसे मोजावेत, असं मला वाटत नाही. ताटात काय आहे, याने पडणारा फरक कितीतरी मोठा असतो. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम 10 च्या आसपास. तांदूळ सेंद्रिय घेतला म्हणून ही दरी भरून निघत नाही. ताजेपणाचंही तसंच : शिळ्या पालेभाजीतलं क जीवनसत्त्व कमी झालेलं असतं, मग ती कुठल्याही खतावर वाढलेली असो.

डहाणू-तलासरीच्या बाजारात पहिल्या पावसानंतर वारली बाया रानातली शेवळं, कुर्डू, टाकळा, करटोली घेऊन बसतात. यांना खत नाही, फवारणी नाही, प्रमाणपत्रही नाही. शेवळं घशाला खाजतात, म्हणून त्यांच्याबरोबर काकडं ही आंबट रानफळं घ्यावी लागतात. हे ज्ञान त्या बायांचं आहे, आणि भाव करताना आपण त्याची किंमत धरत नाही, याचं मला वाईट वाटतं. फक्त रहदारीच्या रस्त्याकडेची किंवा तणनाशक मारलेल्या बांधावरची भाजी नको.

सेंद्रिय माल घेण्याची खरी कारणं माझ्या मते दोन : विषारी अंश टाळणं आणि जमीन राखणं. पैसे थोडे असतील तर ते मिरची, टोमॅटो, वांगी, पालेभाजी यांवर आधी खर्चावेत. चिकू मागे राहिला तरी चालेल, तो आपण सोलून खातो. अर्थात झाडात भिनणारं औषध साल काढल्यानेही जात नाही. जमिनीचं म्हणाल तर तलासरीपलीकडे, उंबरगाव तालुक्यातल्या देहरी गावी भास्कर सावे (1922–2015) यांची ‘कल्पवृक्ष’ वाडी आहे. आधी रासायनिक खतं वापरून नावाजलेल्या या माणसाने ती सोडून चिकू-नारळाची बाग नैसर्गिक पद्धतीने उभी केली. जपानचे मासानोबू फुकुओका तिथे येऊन गेले, त्यांनी तिची मनापासून तारीफ केली. 2010 साली सेंद्रिय शेतीच्या जागतिक महासंघाने सावे यांचा जीवनगौरव केला.

सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटातल्या मालावर ‘जैविक भारत’ची खूण पाहावी. फळझाडांना प्रमाणपत्रासाठी साधारण तीन वर्षं थांबावं लागतं, त्यामुळे लहान वाडीवाल्याकडे कागद नसेलही. थेट गिऱ्हाईकाला विकताना कायद्याने तो सक्तीचाही नाही. अशा वाडीवाल्याला विचारायचं : कळी पोखरणाऱ्या अळीवर काय मारता? शेवटची फवारणी कधी झाली? फळ कशाने पिकवता? कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला तर सगळ्यांनाच बंदी आहे. मोकळेपणाने उत्तर देणाऱ्या वाडीवाल्याला मी चार पैसे जास्त देईन.

दिवाळीच्या सुमाराला वारली बायांच्या पावसाळी भाज्या संपतात आणि त्यांच्या टोपल्यांत करांदे, कोनफळ असे कंद दिसू लागतात. कडू जातीचे करांदे काप करून, पाणी बदलत उकडावे लागतात. किती वेळा, ते विकणाऱ्या बाईलाच विचारून घ्यायचं.