सिंह आपले राज्य का सोडतो?

सिंहाला वनराज म्हणतात. राजाचे राज्य अढळ असावे, असे कोणालाही वाटेल. परंतु आफ्रिकेतील माळराने असोत की गुजरातमधील गीरचे रान असो, सिंहाला आपला मुलूख सोडण्याचा प्रसंग बहुधा एकदा तरी येतोच.

सिंहांच्या कळपाचा खरा आधार म्हणजे सिंहिणी. आई, मावशी, मुली अशा नात्यातल्या सिंहिणी बहुधा जन्मभर एकाच प्रदेशात राहतात. नरांचे तसे नसते. छावा दोन-तीन वर्षांचा होऊन त्याला आयाळ फुटू लागली, की त्या प्रदेशाचे धनी असलेले प्रौढ नर त्याला हुसकावून लावतात. मग आपल्या भावांना सोबत घेऊन तो अनोळखी रानात भटकतो. उपासमार आणि परक्या सिंहांचे हल्ले त्याला सोसावे लागतात. अंगी पुरेसे बळ आले, म्हणजे दुसऱ्या प्रदेशातील नरांना हरवून तो तेथे आपली सत्ता स्थापतो.

ही सत्ताही फार काळ टिकत नाही. बहुधा थोड्याच वर्षांत अधिक बलवान नर चालून येतात आणि जुन्या धन्याला परागंदा व्हावे लागते. नवे नर पुष्कळदा त्याची लहान पिल्ले मारून टाकतात. कारण पिल्ले गमावलेल्या सिंहिणींना नव्या नरांपासून लवकर संतती होते.

ही रीत निष्ठुर खरी. पण नर दूर गेल्यामुळे जवळच्या नात्यात संतती होणे टळते आणि वंश सुदृढ राहतो. शिवाय नवे प्रदेशही वसतात. पोरबंदरजवळच्या बरडा डोंगरातून १८७९ च्या सुमारास सिंह नाहीसे झाले होते. २०२३ च्या जानेवारीत एक तरुण नर आपण होऊन तेथे पोहोचला. पुढे वनखात्याने तेथे सिंहिणी आणून सोडल्या. २०२५ च्या गणनेत तेथे १७ सिंह आढळले. त्यांत ११ छावे होते.

त्याच गणनेत गुजरातमध्ये एकूण ८९१ सिंह मोजले गेले. त्यांतील निम्म्याहून अधिक राखीव वनांच्या बाहेर होते. तेथे शेते, रस्ते, लोहमार्ग आणि कठडा नसलेल्या विहिरी त्यांच्या वाटेत येतात. विहिरीत पडून किंवा आगगाडीखाली सापडून कित्येक सिंह प्राणास मुकले आहेत. म्हणून अनेक विहिरींना कठडे बांधण्यात आले. घर सोडणे सिंहाला चुकत नाही. त्याची वाट निर्धोक ठेवणे मात्र माणसाच्या हाती आहे.