सायकलच्या तुंब्यांतील डायनामो : निवड कशी करावी ?

सायकलला दिवा असावा हें सर्वांस मान्य असतें. परंतु तो दिवा कशावर पेटावा, याचा विचार बहुधा दुकानांत उभें राहिल्यावरच होतो, आणि दुकानदार जें पुढें ठेवील तें आपण घेतों. दिवसा ही हयगय खपून जाते. पण ज्या घरांतील मुलगी शिकवणी आटोपून रात्रीं आठ वाजतां परतते, किंवा ज्या घरांतील कर्ता पुरुष पहाटेच्या पाळीला निघतो, त्या घरानें हा विचार आधींच केलेला बरा.

दिव्याला वीज पुरविण्याचे मार्ग मुख्यतः तीन. पहिला बॅटरीचा. तो स्वस्त व सुटसुटीत खरा. पण बॅटरी भरण्यास विसरलें कीं अंधार. दुसरा टायरवर घासणाऱ्या, बाटलीच्या आकाराच्या डायनामोचा. त्याची घरघर वडीलधाऱ्यांच्या कानांत अजून असेल. पावसांत टायर ओला झाला कीं त्याचें चाकोलें घसरतें, आणि नेमकी गरज असते त्याच वेळीं दिवा मंदावतो. तिसरा मार्ग पुढील चाकाच्या तुंब्यांतच, म्हणजे ज्याला दुकानांत ‘हब’ म्हणतात त्यांतच, डायनामो बसविण्याचा. तेथें घासणारें कांहीं नसल्यानें पाऊस-चिखलाची बाधा नाहीं व आवाजही नाहीं.

ही कल्पना नवी नव्हे. इंग्लंडांतील नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीनें ‘डायनोहब’ या नांवानें असा तुंबा १९३६ मध्यें बाजारांत आणला व १९८४ पर्यंत तो चालू ठेविला. पुढें १९९० नंतरच्या दशकांत जर्मनींतील ट्यूबिंगेन येथील विल्फ्रीड श्मिट यांनीं अधिक कार्यक्षम तुंबा सिद्ध केला. आज श्मिट यांच्या ‘सोन’ तुंब्याबरोबर जपानच्या शिमानोचे व तैवानच्या शटर प्रिसिजनचे तुंबेही मिळतात.

याची रचना समजून घेतली तर निवड सोपी होते. आंस स्थिर असतो व त्यावर तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. भोंवतीं लोहचुंबकांचें कडें चाकाबरोबर फिरतें. कड्यांत २६ ध्रुव असल्यास चाकाच्या एका फेऱ्यांत विजेचीं १३ आवर्तनें होतात. साधारण मान असें कीं, ताशीं १५ किलोमीटर वेगानें ६ व्होल्ट व ३ वॅट मिळावे. वेग वाढला तरी वेटोळ्याच्या अंगच्या विरोधामुळें प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आसपासच राहतो. म्हणून दिवा सहसा जळून जात नाहीं.

याचा पायांवर भार किती, ही शंका साहजिक आहे. दिवा पेटला असतां पांच-सहा वॅट शक्ति अधिक लागते. सायकल व स्वार मिळून ९० किलो वजन धरल्यास, हा भार किलोमीटरला एक ते दीड मीटर चढ चढण्याइतका होतो. सपाट रस्त्यावर तो जाणवतही नाहीं.

आतां निवडीकडे वळूं. पहिली गोष्ट चाकाचा व्यास. २० इंची चाक २८ इंचीपेक्षां त्याच वेगांत जवळजवळ दीडपट फेरे घेतें. मोठ्या चाकासाठीं केलेला तुंबा लहान चाकांत घातला तर भार व्यर्थ वाढतो. उलट लहान चाकाचा तुंबा मोठ्या चाकांत हळू चालतांना पुरेसा उजेड देत नाहीं. घाटांत सावकाश चढणाऱ्यानें हें विशेष ध्यानांत ठेवावें.

दुसरी गोष्ट मापांची. आजच्या बहुतेक तुंब्यांना चिमट्याच्या दोन टोकांत १०० मिलिमीटर जागा लागते. आपल्याकडील जुन्या काळ्या सायकलींचा चिमटा याहून अरुंद असतो. त्या सायकलींच्या पुढच्या रिमला बहुधा ३२ भोकें असतात, तेव्हां तुंबाही ३२ भोकांचाच पाहिजे. स्पोकची लांबी बदलते, म्हणून चाक नव्यानें बांधून आउट काढणारा कुशल कारागीर आधीं शोधावा.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची, आणि ती सर्वांत दुर्लक्षित. कांहीं तुंब्यांचीं बेअरिंगें बंद पेटीचीं असून तीं बदलण्यास तुंबा कारखान्याकडेच धाडावा लागतो. जेथून तो परत येण्यास महिने लागतील, तेथला तुंबा कितीही चांगला असला तरी रोजच्या स्वारास अडचणीचा.

दिवाही तोलामोलाचा हवा. चौकांत सायकल थांबली कीं डायनामोही थांबतो, आणि मागून येणाऱ्या मोटारीला आपण दिसण्याची निकड तर तेथेंच असते. म्हणून थांबल्यावरही कांहीं मिनिटें तेवत राहणारा एलईडी दिवाच, पुढें व मागें, घ्यावा. फोनही यावर भरतां येतो. पण दिवा व फोन दोहोंस एकाच वेळीं पुरेल इतकी वीज ३ वॅटांत नसते.

मग हा खर्च कोणी करावा ? जर्मन तुंब्याच्या किंमतींत आपल्याकडे एक साधी नवी सायकल सहज येते. आठवड्यांतून एखादे वेळीं दिवेलागणीनंतर बाहेर पडणाऱ्यास चांगला बॅटरीचा दिवा पुष्कळ झाला. ६०० किलोमीटर ४० तासांत पुरे करणाऱ्या ब्रेव्हे-स्वारांस, ज्यांची अख्खी रात्र महामार्गावर जाते, तुंबा अनमोल आहे. आणि या दोहोंच्या मध्यें जे रोज, बारा महिने, अंधारांत ये-जा करतात, त्यांनीं मध्यम किंमतीचा शिमानोसारखा तुंबा घेतल्यास तो खर्च वायां जाणार नाहीं. तेव्हां दुकानांत पाऊल ठेवण्यापूर्वीं आपल्या घरांतील कोण, किती वेळ व कोणत्या रस्त्यानें अंधारांत जातें, याचा हिशेब मांडावा. तुंब्याचें नांव त्यानंतर विचारावें.