फाइल डोळ्यांसमोर, तरी स्क्रिप्ट म्हणते ‘सापडली नाही’! काय आहे ३२ आणि ६४ बिटचा घोळ?

घाटनांदूर (ता. अंबाजोगाई) : समजा, गावातल्या सेवा केंद्रात जुन्या कॉम्प्युटरच्या जागी नवा आला. अंगठा घेणाऱ्या मशीनचा ड्रायव्हर तपासणारी जुनी स्क्रिप्ट पेनड्राइव्हवरून त्यात टाकली. ड्रायव्हर नीट बसलाय, मशीनचा लाइटही लागतोय. पण स्क्रिप्ट सांगते, ‘ड्रायव्हर नाही’. केंद्रचालक तो पुन्हा पुन्हा टाकत बसतो आणि बाहेर दाखल्यांसाठी आलेल्यांची रांग वाढत जाते. असं का होतं?

हा प्रश्न आताच का?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच मिळते. त्यामुळे जुन्या ३२ बिट कॉम्प्युटरवरची कामं आता ६४ बिटवर येत आहेत. स्क्रिप्ट मात्र अनेकदा जुन्याच असतात.

घोळ नेमका कुठे?

६४ बिट विंडोजमध्ये सिस्टीमच्या फाइल्सचे दोन फोल्डर असतात. गंमत म्हणजे ‘सिस्टम३२’ या फोल्डरमध्ये ६४ बिटच्या फाइल्स असतात, तर ३२ बिटच्या ‘सिसवॉव६४’मध्ये! जुन्या प्रोग्रॅममध्ये ‘सिस्टम३२’ हा पत्ता थेट लिहिलेला असल्याने ते नाव बदलता आलं नाही.

३२ बिट प्रोग्रॅमने ‘सिस्टम३२’ मागितलं, की विंडोज त्याला गुपचूप दुसऱ्या फोल्डरमध्ये पाठवते. कोणतीही सूचना येत नाही. सेटिंग्जची नोंदवही, म्हणजे रजिस्ट्री, तिथेही तसंच. ‘सॉफ्टवेअर’ विभागातल्या बहुतांश नोंदींसाठी ३२ बिट प्रोग्रॅमला ‘वॉव६४३२नोड’ हा वेगळा कप्पा दाखवला जातो. ड्रायव्हरची नोंद एका कप्प्यात आणि स्क्रिप्ट शोधते दुसऱ्यात!

धोका कुठे?

चुकीचा निरोप मिळाला तर वेळ जातो, एवढंच. पण सेटिंग्जचा बॅकअप घेणारी स्क्रिप्ट चुकीच्या कप्प्याचा बॅकअप घेत असेल, तर ते फॉरमॅट मारल्यावरच कळतं. तेव्हा उशीर झालेला असतो.

उपाय काय?

• स्क्रिप्ट कोण चालवतंय ते पाहा. बॅच फाइल डबल क्लिक केल्यावर चालते आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून चालत नाही, तर ते सॉफ्टवेअर ३२ बिट असण्याची दाट शक्यता आहे.

• शक्य असेल तर स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅमच ६४ बिटचा घ्या. पायथॉनचे दोन्ही प्रकार मिळतात.

• ३२ बिटवरच राहायचं असेल, तर ‘सिस्टम३२’ऐवजी ‘सिसनेटिव्ह’ हा पत्ता द्या. तो फक्त ३२ बिट प्रोग्रॅमलाच दिसतो; ६४ बिटमधून वापरला तर ‘फोल्डर नाही’ असं उत्तर येतं.

• रजिस्ट्री वाचणाऱ्या ‘रेग’ कमांडला कोणता कप्पा हवा, ते स्पष्ट सांगा. त्यासाठी ३२ आणि ६४ असे दोन पर्याय आहेत.

• स्क्रिप्टमध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासा : विंडोज किती बिटची आणि चालणारा प्रोग्रॅम किती बिटचा. आर्म प्रोसेसरच्या लॅपटॉपवर इंटेलसाठी बनलेले प्रोग्रॅमही चालतात, त्यामुळे नुसत्या प्रोसेसरच्या नावावरून अंदाज बांधू नका.

थोडक्यात, ‘सापडली नाही’ याचा अर्थ दर वेळी ‘नाहीच’ असा नसतो. ड्रायव्हर पुन्हा टाकण्याआधी दुसरा कप्पा उघडून पाहा.