डोंगरगांवचा अजस्र प्राणी आणि त्याचें पुनरुज्जीवन

अंबरनाथच्या बुवापाड्यांत कोठेंहि खोल खणलें तरी शेवटीं काळा कातळच लागावयाचा. इ. स. १०६० चा शिलालेख असलेलें तेथील शिवालय ह्याच पाषाणाचें आहे. हा पाषाण म्हणजे सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं वाहून थिजलेला लाव्हारस. असल्या आगींत हाडें कोठून टिकणार? डायनोसॉर शोधावयाचा तर त्या लाव्हाच्या खालीं असलेल्या गाळाच्या थरांकडे, म्हणजे विदर्भांत, गेलें पाहिजे.

चंद्रपूर जिल्ह्यांतील डोंगरगांवच्या टेकडीवर १९८४ ते १९८६ ह्या काळांत सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय ह्यांना एका प्रचंड शाकाहारी प्राण्याचा सांगाडा सांपडला. मान कांहींशी आंखूड, पुढचे पाय लांब. शिर मात्र हातीं लागलें नाहीं. १९९७ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध झालें आणि २००३ मध्यें भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास 'इसिसॉरस' हें नांव मिळालें. आंकडेमोडीच्या संस्थेचें नांव हाडांस लाभावें, ही मोठी मौजच!

जवळच्या पिसदुऱ्यास ह्या कुळांतील प्राण्यांची मानली जाणारी, दगड झालेली विष्ठा विपुल सांपडते. तींत गवताचे सूक्ष्म सिकताकण असल्याचें २००५ सालीं जाहीर झालें. डायनोसॉरांच्या काळीं गवत नव्हतें, ही समजूत तेव्हां मोडली. पुढें २०११ मध्यें त्यांत भाताच्या गोत्रांतील तृणहि ओळखूं आलें.

तेव्हां हा पाहुणा पुन्हां अवतरलाच, तर उल्हास नदीकांठच्या भातशेतीकडे त्याची दृष्टि प्रथम जाईल, आणि बुवापाड्याच्या गल्लींत तो वळेल कसा, हा प्रश्न नगरपालिकेपुढें येईल! पण शेतकऱ्यांनीं निर्धास्त असावें. जीव पुन्हां घडवावयाचा तर त्याचा डीएनए हवा. न्यूझीलंडच्या नामशेष मोआ पक्ष्याच्या हाडांवरून २०१२ सालीं असें अनुमान निघालें कीं, तेथील हवामानांत हाडांतील डीएनएचे अर्धे बंध सुमारें ५२१ वर्षांत तुटतात. अतिशीत जागींहि अडुसष्ट लक्ष वर्षांत कांहीं उरत नाहीं. आणि आपला प्राणी तर त्याच्या जवळजवळ दसपट जुना!

दुसरी वाट कोंबडीची. पक्षी हे मांसाहारी डायनोसॉरांचे वंशज होत. २०१५ सालीं अमेरिकेंत कोंबडीच्या गर्भांतील रासायनिक संकेत रोखून चोंचीच्या जागीं जुन्या धाटणीचीं मुखास्थि घडविलीं गेलीं. तीं पिलें मात्र अंड्याबाहेर येऊं दिलीं नाहींत. आणि येतीं, तरी तीं चमत्कारिक तोंडाचीं कोंबडींच असतीं. डोंगरगांवचा तृणभक्षक तर निराळ्याच शाखेचा. त्याच्या शाखेचें एकहि अंडें आज कोठें उबत नाहीं.