सागाची पैसेवारी

पिकाचा अंदाज कसा काढतात हे हिंगोलीच्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. आधी नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. आकडा पन्नासच्या वर गेला की दुष्काळाच्या सवलती गेल्याच. पीक कापणी प्रयोगात शेताचा ठरावीक मापाचा तुकडा आखतात, कापतात, मळतात, तोलतात. सोयाबीनचा उतारा समजतो. बांधावरच्या सागाचं तसं नाही. उतारा पाहायला तो कापला, तर पीकही गेलं आणि त्यामागची चाळीस-पन्नास वर्षंही गेली. म्हणून उभ्या झाडातलं लाकूड न कापता मोजण्याचं एक शास्त्र तयार झालं. त्या शास्त्राच्या आडोशाला लबाडीही वाढली.

सुरुवात टेपपासून. झाडाचा घेर बुंध्याशी घ्यायचा नाही, कारण तिथं खोड पसरलेलं असतं. आपल्याकडची वनखात्याची रीत जमिनीपासून 1.37 मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर, छातीच्या उंचीला घेर घेण्याची. खोड वर निमुळतं होत जातं, तेव्हा नुसत्या घेरावरून भागत नाही. उंचीही लागते आणि निमुळतेपणाचा हिशेबही. झाड आडवं पडल्यावर ओंडक्याचा घेर मधोमध घेतात. त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीनं गुणायचं. ही ‘चौथाई घेर’ पद्धत एडवर्ड हॉपस या इंग्रजाच्या 1736 च्या तक्त्यांमुळे त्याच्या नावानं जगभर गेली.

आता गंमत बघा. मध्यावर 32 इंच घेर आणि 16 फूट लांबी असलेला ओंडका घ्या. चौथाई घेर आठ इंच, म्हणजे हिशेबानं 7.1 घनफूट. तोच ओंडका शाळेतल्या वर्तुळाच्या सूत्रानं मोजला तर भरतो 9 घनफुटांहून किंचित जास्त. दर शंभरातले साडेएकवीस घनफूट कागदावरूनच गायब! ही फसवणूक नव्हे. चौकोनी फळ्या काढताना कडा, साल, भुसा वाया जाणार, त्याची वजावट या पद्धतीत आधीच धरलेली असते. पण चौथाई घेरानं मोजून झाल्यावर ‘साल आणि तुटीचे’ म्हणून कुणी पुन्हा काही घनफूट कापू लागला, तर ती वजावट दुसऱ्यांदा होते आहे हे विकणाऱ्याला कळलं पाहिजे. सॉ मिलच्या दारात हे गणित करून घेणारे शेतकरी थोडे.

एका झाडाचं हे झालं. सबंध रानाचं काय? लावलेल्या सागवनासाठी डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेनं उत्पादन तक्ते केले. लॉरी आणि राम यांचा भारत-ब्रह्मदेशाच्या लागवडी सागाचा तक्ता 1940 चा. त्यातली मेख अशी की जमिनीची प्रत माती तपासून ठरत नाही, ती झाडच सांगतं. अमुक वयाला रानातली सर्वांत जोमदार झाडं किती उंच झाली, त्यावरून प्रत ठरते. उंची का, तर घेर दाटीवर अवलंबून असतो, उंचीवर दाटीचा परिणाम फार कमी होतो. एकदा प्रत कळली की तक्त्याच्या ओळीत पुढची झाडांची संख्या, घेर, विरळणीत निघणारं लाकूड आणि शेवटचं उत्पादन वाचायचं.

या तक्त्यातला झाडांच्या संख्येचा स्तंभ मला सर्वांत बोलका वाटतो. दोन बाय दोन मीटरवर लावलं तर एकरी हजार सागजड्या बसतात. पन्नाशीच्या सागवनात मात्र एकरी झाडं शे-दीडशेच्या आतच मोजायची; जमीन जितकी चांगली तितकी आणखी कमी, कारण मोठ्या झाडाला जागा मोठी लागते. बाकीची विरळणीत काढायची असतात. आपला शेतकरी नेमका इथं अडतो. लेकरासारखं वाढवलेलं झाड अर्ध्यावर तोडवत नाही, मग सगळीच काठीसारखी राहतात.

1990 च्या दशकात सागलागवडीच्या योजनांनी जे केलं ते याच स्तंभाकडे डोळेझाक करून. एकरी हजार झाडं, गुणिले पूर्ण वाढलेल्या सागाचं लाकूड, गुणिले आजचा दर, आणि तेही वीस वर्षांत. चेन्नईची अनुभव प्लांटेशन्स 1998 मध्ये कोसळली. पुढच्या वर्षी सेबीनं सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियमावली आणली. हे फक्त आपल्याकडे घडलं असंही नाही. कोस्टा रिकातल्या सागावर डच लोकांनी पैसे लावले, आणि तिथंही वाद पेटला तो वाढीच्या फुगवलेल्या आकड्यांवरूनच.

नैसर्गिक जंगलाची गोष्ट निराळी. तिथं वयच माहीत नसतं. रोपटं, तरणं आणि म्हातारं झाड शेजारी शेजारी. यावर वाट काढली डिट्रिश ब्रॅंडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं. 1856 मध्ये त्याच्याकडे ब्रह्मदेशातल्या पेगूची सागाची जंगलं आली. हत्तीवर बसून तो ठरलेल्या रेषेनं रान कापत जाई, दिसेल त्या सागाची घेराप्रमाणे वर्गवारी करी आणि बांबूच्या तुकड्यांवर खाचा पाडी. कागद-पेन्सिल पावसात काय टिकणार! खाचा मोजल्या की कुठल्या घेराची किती झाडं ते कळे. मग प्रश्न एकच उरे: दुसऱ्या वर्गाचं झाड पहिल्या, म्हणजे सर्वांत जाड, वर्गात यायला किती वर्षं लागतात? तेवढ्या वर्षांत जेवढी झाडं वर येतील तेवढीच त्या मुदतीत तोडायची. मुद्दल राखून व्याज खायचं, हा सावकारी शहाणपणा. 1864 मध्ये तोच ब्रॅंडिस हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झाला. सुप्रीम कोर्टानं गोदावर्मन खटल्यात 12 डिसेंबर 1996 रोजी केंद्राच्या मंजुरीच्या कार्य आयोजनेशिवाय जंगलतोड बंद केली, तेव्हापासून हे मोजमाप तोडीची कायदेशीर पूर्वअटच बनलं.

हिंगोलीत ब्रॅंडिसच्या हत्तीला फारसं काम नाही. औंढ्याकडच्या टेकड्यांवर विरळ, खुरटं रान. मराठवाड्याचा खरा साग किनवटकडे. आपल्याकडे साग आहे तो बांधावर, आणि अडचण तीच. तक्ते केले ते दाट रानासाठी. बांधावरच्या एका ओळीतलं झाड दोन्ही बाजूंनी ऊन खातं, फांद्या पसरतं, जाड होतं पण सरळसोट चढत नाही. मुरमाड बांधावर त्याची तऱ्हा एक, पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या रानात दुसरी. सागाला साचलेलं पाणी सोसत नाही. तेव्हा तक्त्यातला आकडा बांधाला जसाच्या तसा लावणं म्हणजे नांदेडची पैसेवारी सेनगावला लावण्यासारखं.

साग 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहे, त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. ई-पीक पाहणीत बांधावरची झाडं नोंदवता येतात, ती जरूर नोंदवा. पण त्या नोंदीतून वाढ कळत नाही. यंदा दिवाळी झाली की बांधावरच्या पाच सागांवर साडेचार फुटांवर रंगाची रेघ ओढा, टेपनं घेर घ्या आणि तारखेसह वहीत लिहून ठेवा. दर दिवाळीला त्याच रेघेवर पुन्हा मोजा. दहा वर्षांनी व्यापारी दारात आला, तर त्याच्यासमोर ती वही उघडता येईल.